उपवासाचा बटाटा

एकादशीला ज्वारीची भाकरी वर्ज्य आणि बटाटा ग्राह्य, हा निर्णय आपल्या घरोघरी इतका निर्विवाद मानला गेला आहे की, अँडीज पर्वताच्या थंड पठारांवर जन्मलेल्या आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून या मुलखात उतरलेल्या या कंदाला व्रताच्या ताटात बसण्याची मुभा कोणत्या आधारावर मिळाली, हे विचारण्याची आवश्यकता फारशी कोणाला भासत नाही. आधार उघड आहे: धान्य वर्ज्य, कंदमूळ-फळ ग्राह्य. परंतु कंदमुळांची ही प्रतिष्ठा वनवासी तपस्व्यांपासून आलेली आहे. नांगरलेल्या भूमीत पिकलेले वानप्रस्थाने खाऊ नये, असे मनुस्मृती बजावते. जे आपोआप उगवले तेवढ्यावर देह राखावा, परक्याच्या श्रमाचा आणि बैलाच्या खांद्याचा भार आपल्या तपावर पडू देऊ नये, असा त्याचा अभिप्राय मी समजतो.

या कसोटीला उष्ण देशातला बटाटा लावून पाहावा. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान उतरले म्हणजे हे झाड कंद चांगला धरते. रात्र त्याहून फार उबदार राहिली की पाला माजतो, पानांनी दिवसभर कमावलेले पिष्ट श्वसनात आणि शेंड्यांच्या वाढीत खर्ची पडते, आणि मातीखाली सुपारीएवढ्या गाठींपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळी ढगांनी हवा थंड राहते, म्हणून तेथे खरिपातही हे पीक साधते; एरवी हिवाळ्याची वाट पाहणे प्राप्त असते. त्यातही बेणे पंजाबातून आणायचे, कारण उष्ण हवेत मावा विषाणू पसरवतो आणि घरचे बेणे वर्षागणिक क्षीण होत जाते. मग सऱ्या पाडायच्या, मातीची भर द्यायची, आभाळ भरून आले की करप्याच्या धास्तीने फवारणी करायची, आणि निघालेला माल पुढे शीतगृहाच्या हवाली करायचा. इतक्या तजविजीने जगवलेल्या पिकाला वनातले अन्न कसे म्हणावे?

जैन परंपरेने हाच कंद अनंतकाय म्हणून, एका देहात अनंत जीवांचा वास मानून, निषिद्ध ठरवला. बटाट्याच्या एकेका डोळ्यातून संपूर्ण झाड उभे राहू शकते, हे ज्याने शेतात पाहिले आहे त्याला तरी हा आक्षेप पोकळ वाटू नये. या एका बाबतीत जैनांची दृष्टी मला अधिक जागरूक वाटते. अन्न ताटात येईपर्यंत जीवसृष्टीचे काय झाले, हा प्रश्न तिने विचारला.

म्हणून बटाटा व्रतातून काढून टाकावा, असे मी म्हणणार नाही. निष्ठेने केलेला उपवास एका कंदाने खोटा ठरत नाही. मात्र फराळ सात्त्विक आणि भाकरी प्रापंचिक, ही प्रतवारी मला मान्य नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेली आणि बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसणारी ज्वारी ना दूरदेशीचे बेणे मागते, ना शीतगृह. नांगर तिलाही लागतो खरा, तरी तपस्व्यांच्या अपेक्षेला ती बटाट्यापेक्षा कितीतरी जवळची आहे, आणि एकादशीला आपण नेमकी तिलाच दूर ठेवतो.