ठेवून जाणे आणि टाकून जाणे

१३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ ही नौका दिब्रुगढकडे निघाली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, २७ नद्या आणि वाटेत बांगलादेश. पहिल्या फेरीला स्वित्झर्लंडचे ३२ प्रवासी होते. गंगेच्या पलीकडच्या काठावर रामनगर आहे. तेथे २०१८ साली मालवाहू नौकांसाठी टर्मिनल झाले होतेच. त्याच पाण्यावरून आता माणसे हौसेने दीड-दीड महिन्याच्या प्रवासाला निघू लागली. आपल्यातीलही निवृत्त झालेली, मुले मार्गी लागलेली जोडपी आता लांबच्या समुद्रपर्यटनाला जातात. प्रवाशांच्या यादीत घरी उरलेल्यांची नावे लिहिण्याची पद्धत नसते. त्या उरलेल्यांत एखादा कुत्रा असतो, एखादे मांजर असते. पर्यटकांच्या जहाजांवर त्यांना सहसा प्रवेश नसतो. अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘क्वीन मेरी २’वर त्यांच्यासाठी जागा आहे, पण तो अपवाद.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. त्याने रामनगरची रामलीला आठवावी. ती सुमारे महिनाभर चालते, आणि प्रेक्षक अयोध्येपासून लंकेपर्यंत नेमून दिलेल्या ठिकाणी पायी फिरतात. तिचा आधार तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’. त्यात रामाला वनाच्या वाटेवर सोडून सुमंत रिकामा रथ घेऊन निघतो, तेव्हाचे घोड्यांचे वर्णन आहे. घोडे दक्षिणेकडे पाहून खिंकाळतात, चारा खात नाहीत, पाण्याला तोंड लावत नाहीत. शोक तर साऱ्या अयोध्येने केला. पण माणसांजवळ एक आकडा होता : चौदा वर्षे. भरताने पादुका समोर ठेवून त्या आकड्याच्या आधाराने दिवस काढले. घोड्यांजवळ आकडा नव्हता.

माझ्या मते नैतिक प्रश्न नेमका येथे आहे. आपण मराठी माणसे घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्या एका शब्दात परतण्याचे वचन असते आणि मागे राहणारा त्यावर विसंबतो. मुक्या जिवाला हे वचन पोहोचत नाही. त्याला फक्त पेटी भरलेली दिसते आणि दार लागल्याचा आवाज ऐकू येतो. कोणाला ठेवून जाणे आणि कोणाला टाकून जाणे यांत आपण काटेकोर भेद करतो; भाषेत त्यासाठी दोन क्रियापदे आहेत. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर पहिल्या आठवड्यात ही दोन्ही क्रियापदे एकच असतात.

नीतिसूत्रे १२:१० येथे नीतिमान मनुष्य आणि त्याचे जनावर यांच्याविषयी जे म्हटले आहे, त्याचे भाषांतर करताना ‘काळजी घेणे’ असा अर्थ चटकन हाताशी येतो. पण मूळ इब्री क्रियापद जाणण्याचे आहे, आणि जाणायचा आहे तो ‘नेफेश’, म्हणजे जीव, अंतर्याम. हेच दोन शब्द निर्गम २३:९ मध्ये जोडीने येतात. तेथे इस्राएलांना सांगितले आहे की, परक्याच्या जिवाला काय वाटते हे तुम्ही जाणता, कारण मिसरात तुम्ही परके होता. परक्याचे मन त्यांनी परके होऊन जाणले. जनावर होण्याचा अनुभव आपल्यापाशी नाही. म्हणून जाणण्याचे हे काम अधिक कष्टाचे, पाहून पाहून शिकण्याचे आहे. वाटीत अन्न पडले की ते संपले असे होत नाही.

त्याच वचनाचा उत्तरार्ध दुर्जनांची दयासुद्धा क्रूर ठरवतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी कुत्र्याला मंडईत नेऊन सोडणारा मनुष्य हमखास म्हणतो, “तिथे त्याला पोटभर मिळेल, मोकळाही राहील.” १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा ठरवला, मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये! त्यावर अधिक काय लिहावे?

मग कोणी जाऊच नये काय? महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. (ज्या व्यासांची ही कथा, त्यांचे मंदिर रामनगरच्या किल्ल्यात आहे.) पण सर्वांना तसे करता येत नाही. वसईतील, गोव्यातील कित्येक ख्रिस्ती तरुण याच पर्यटकांच्या जहाजांवर चाकरी करतात आणि कंत्राटाचे सहा-नऊ महिने आई, मुले, कुत्रा, सारे मागे ठेवतात. त्यांना हा प्रश्न विचारणे निष्ठुरपणाचे होईल. जो हौसेने निघाला आहे, त्याला तो विचारावा, कारण तारीख त्याच्या हातात आहे.

ठेवून जाणे जनावराला कळेल असे करायचे तर शब्दांचा उपयोग नाही. ओळखीचा आवाज, ओळखीचा वास आणि ठरलेली वेळ यांचाच उपयोग. ज्याच्यावर त्याला सोपवायचे, तो किल्ली घेण्यापुरता आदल्या रात्री येऊन चालणार नाही. त्याने महिनाभर आधीपासून येत राहावे, त्याच वेळी, त्याच वाटीत खाऊ घालावे, त्याच रस्त्याने फिरवून आणावे. मांजराला बहुधा घर अधिक जवळचे, कुत्र्याला माणूस. तेव्हा मांजराला शक्यतो हलवू नये. आणि कुत्रा चौदा वर्षांचा, दृष्टी गेलेला असेल, तर यंदा तिकीट काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ५१ दिवस आपल्या आयुष्यात किती, आणि त्याच्या उरलेल्या आयुष्यात किती, याचा हिशेब कोणालाही करता येईल. नदी पुढच्या वर्षीही वाहील.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. धनी परततो, कुत्रा अंगावर उड्या मारतो, घरात आनंद होतो. शेजारच्या ज्या मुलाने दोन महिने त्याला सांभाळले, तो किल्ली परत देऊन जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फिरायला नेण्याच्या वेळी, कुत्रा पुन्हा दाराशी जाऊन बसतो. या वेळी त्या मुलासाठी. त्या मुलाला काही दिवस येऊ द्यावे.