बॅटरीचा झोत

शाळेच्या प्रथमोपचार पेटीसाठी बॅटरी घ्यायला गेलो. दुकानदार कानडीतून लांब पोचणाऱ्या झोताचे कौतुक करीत होता. मी पसरट उजेडाची मागितली. एका सहलीत, रात्री, तसला अरुंद झोत मी एका मुलाच्या रक्ताळलेल्या गुडघ्यावर धरला होता. लखलखाटाला डोळे सरावले की भोवतालचा अंधार अधिकच दाटतो. शेजारी निमूट बसलेल्या दुसऱ्याचा मोडलेला हात मला पहाटे दिसला. न दिसणे हा अपराध ठरतो का? रडणाऱ्याकडे आधी वळणे स्वाभाविकच. पण झोत कुठे धरायचा हे मीच ठरवले होते. पसरट उजेड लांब जात नाही, मान्य. जखमी तर हाताच्या अंतरावरच असतो! निळसर एलईडीत कातडीचा रंग फसवतो, म्हणून प्रत्येक बॅटरी तळहातावर धरून पाहिली. त्या मुलाने तक्रार कधीच केली नाही.