अदृश्य दुकानाचा तराजू

महाभारताच्या शांतिपर्वात जाजलि नामक तपस्व्याची कथा आहे. दीर्घ तपाने ज्याच्या मनात अभिमान उत्पन्न झाला, त्या ब्राह्मणाला धर्म समजून घेण्यासाठी वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागले. सर्वांशी समभावाने वागणे, हाच ह्या वाण्याचा धर्म होता आणि त्याचा तराजू त्याची साक्ष देत होता. व्यापार हेही धर्माचरणाचे क्षेत्र आहे, असे ह्या कथेवरून म्हणावयास प्रत्यवाय नाही. आज दुकान मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. तेथील तराजू कोणता, आणि त्याची पारडी सारखी आहेत काय?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक वस्तू हाताळून पाहते, मापावर नजर ठेवते, विक्रेत्याचा चेहरा न्याहाळते. पडद्यावरील दुकानात विक्रेता दाखवील तेवढेच दिसते. म्हणून तेथील बटणे, खुणा आणि अटींची मांडणी हीच त्या दुकानाची वजनेमापे होत.

त्यांतील एक खूण म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप. आपण पाठविलेली माहिती वाटेत तिऱ्हाइताला वाचता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडचा दुकानदार प्रामाणिक आहे, अशी ग्वाही ते देत नाही. लोकांची हीच गल्लत होते हे पाहून गूगलने २०२३ च्या सप्टेंबरपासून आपल्या क्रोम ब्राउझरमधील हे चिन्ह बदलले. २०२४ च्या जानेवारीत, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या तोंडावर, साधी मिठाई राममंदिराचा प्रसाद म्हणून विकली जात असल्याच्या तक्रारीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या संकेतस्थळाला नोटीस बजावली. रस्ता निर्धोक असला, म्हणजे माल खरा असतोच असे नाही.

दुसरा दोष सोयीचा. वस्तू घेण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो. ती परत करावयाची किंवा वर्गणी थांबवावयाची म्हटले, की पानामागून पाने उलटावी लागतात. न मागितलेला विमा हिशेबात येऊन बसतो. अटींची बारीक अक्षरे वृद्धांना वाचवत नाहीत. ह्याला तंत्राची उणीव म्हणावे काय? ज्या कारागिराला आत येण्याची वाट इतकी सुगम करता येते, त्याला बाहेर जाण्याची वाट साधत नाही, हे कोण मानील?

अडथळा मात्र सरसकट दोष नव्हे. पैसे देताना मोबाइलवर आलेला ओटीपी भरावा लागतो, तो घराच्या उंबरठ्यासारखा आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक आपल्याजवळ साठविता येत नाही. त्यात थोडी गैरसोय असली, तरी हित ग्राहकाचेच आहे. तेव्हा कसोटी अशी, की हा अडथळा रक्षण कोणाचे करतो? ग्राहकाचे करीत असेल तर तो उंबरठा, विक्रेत्याच्या लाभाचे करीत असेल तर तो सापळा.

कायद्याने हे काही अंशी ओळखले आहे. आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती समजू नये, असे २०२० चे नियम सांगतात. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनेचे १३ प्रकार नमूद आहेत. खोटी निकड, गुपचूप टोपलीत घातलेली वस्तू आणि वर्गणीचा सापळा हे त्यांतलेच. परंतु नाव दिलेला दोषच कायद्याच्या हाती सापडतो. चौदावा प्रकार शोधून काढावा की नाही, हे ठरविणे अखेर करणाऱ्याच्या विवेकाकडेच राहते.

ग्राहकाने सावध राहावे, असे कोणी म्हणेल. राहावेच. पण ग्राहकाच्या सावधपणाने विक्रेत्याचे कर्तव्य फिटत नाही. अंधाच्या हातावर नाणी मोजून देणाऱ्याला कोणी पाहत नसते; त्याच्या सचोटीची परीक्षा तेथेच होते.

आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली आज अशी संकेतस्थळे बांधण्याच्या उद्योगात आहेत. त्यांनी होकाराचे बटण जेवढे ठळक केले, तेवढेच नकाराचेही करावे. तुलाधाराचा तराजू आज त्यांच्या हाती आहे.