ढगात शिरण्याआधीचा अभ्यास

सिडको, छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ,


इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, तुमच्या भाषेत आयआरचा, अभ्यास सुरू करतेयस हे वाचून फार आनंद झाला. कोणती पुस्तकं घेऊ, असं विचारलंयस आणि सोबत तुमच्या बॅचमध्ये फिरणारी यादी पाठवलीयस. यादी भलीमोठी आहे. क्वेश्चन बँका, ऑनलाइन कोर्स, मोबाइलवरची ॲप, कुणाकुणाच्या हस्तलिखित नोट्स. कष्ट तू करशीलच, त्याची मला चिंता नाही. चिंता वाटली ती क्रमाची, कारण यादीत क्वेश्चन बँक सगळ्यांत वर आहे.

डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, पेपरला सत्तर टक्के लागतात आणि जुने प्रश्न घोकून ते पडतातही. त्यासाठी क्वेश्चन बँक जरूर सोडव, पण शेवटच्या महिन्यात. आयआर ज्याच्यासाठी आहे ते घोकून येत नाही. बाहेर काही दिसत नसताना आपल्या शरीराचं ऐकायचं नाही, आणि समोरच्या कुठल्याही एका यंत्रावरही विसंबायचं नाही. प्रत्येक यंत्राला दुसऱ्याची साक्ष मागायची. नोकरीची सगळी वर्षं मी टॉवरमध्ये बसून वैमानिकांचे आवाज ऐकले. ही सवय ज्यांच्या अंगात मुरली होती त्यांचा आवाज भर पावसातही सावकाश यायचा. तू जे वाचशील ते या सवयीसाठी वाच.

सुरुवात पुस्तकाने करू नकोस. घरातल्या फिरत्या खुर्चीवर डोळे मिटून बस आणि भावाला सांग, एका दिशेने सावकाश, एकसारखं फिरव. थोड्या वेळाने तुला वाटेल, खुर्ची थांबली. मग त्याने खरंच थांबवली की वाटेल, आपण उलट्या दिशेने फिरतोय. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव हा खेळ करतो. वळण एकसारखं राहिलं की द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला कळतं, ‘सरळ चाललंय.’ ढगात नेमकं हेच होतं. विमान हळूहळू कलतं, कळत नाही. कळल्यावर सरळ करावं तर सगळं अंग ओरडून सांगतं की आता तू उलट्या बाजूला कलली आहेस. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवरच्या उड्डाणाचा अनुभव नसलेल्या २० शिकाऊ वैमानिकांवर प्रयोग झाला. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर वीसच्या वीस जणांच्या हातून विमान निसटलं. कुणाचं वीस सेकंदांत, कुणाचं आठ मिनिटांनी. सरासरी १७८ सेकंद. ती मुलं आळशी नव्हती की मठ्ठ नव्हती. त्यांचे कान तुझ्यामाझ्या कानांसारखेच होते.

या कानांवर मात करता येते हे जगाला कळलं २४ सप्टेंबर १९२९ रोजी. अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी कॉकपिट झाकून घेऊन, फक्त यंत्रांकडे पाहत उड्डाण केलं, फेरी मारली आणि विमान उतरवलं. समोर होतं जायरोवर चालणारं कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा जायरो आणि बारीक उंची दाखवणारा अल्टिमीटर. आपल्याकडे ही साधनं यायला वेळ लागला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला आले ते एका इंजिनाच्या पस मॉथमधून, रेडिओशिवाय, खालची जमीन ओळखत. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा म्हणून त्यांची विमानसेवा पुण्याला हलवावी लागे. तुझ्या हाताशी आज जे आहे त्याची किंमत कळावी म्हणून हे लिहिलं.

आता ज्या घटनेसाठी हे पत्र लांबतंय, ती सांगतो. १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोईंग ७४७ रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं. किनारा ओलांडला की पुढे काळा समुद्र आणि काळं आकाश. क्षितिजाची रेघ नाही. कॅप्टननी उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि विमान सरळ केलं. विमान सरळ झालं, पण त्यांच्या समोरचं कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलंच राहिलं. ते बिघडलं होतं. त्यांनी ते खरं मानून विमान डावीकडे घेतलं, आणखी घेतलं. सहवैमानिकासमोर दुसरं क्षितिज होतं आणि मध्ये तिसरं, राखीव. फ्लाइट इंजिनिअरने त्यांना सावध करायचा प्रयत्न केल्याचं ध्वनिफितीत आहे. उड्डाणाला दोन मिनिटं व्हायच्या आत विमान वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली.

कॅप्टन अनुभवी होते. यंत्रावर विश्वास ठेव, असं शिकवतात तसा त्यांनी ठेवला होता. म्हणून तुला सांगतो, ‘यंत्रावर विश्वास’ हे वाक्य अर्धवट आहे. क्षितिज उजवीकडे कललंय म्हणतं, तर दिशादर्शक उजवीकडे फिरतोय का? टर्न कोऑर्डिनेटर काय म्हणतो? दोन साक्षी एका बाजूला आणि तिसरा दुसऱ्या बाजूला असेल तर खोटं कोण बोलतंय ते उघड होतं. हे दीड सेकंदात करता यावं, यासाठी सगळा अभ्यास.

त्यासाठी पहिलं पुस्तक अमेरिकेच्या एफएएचं ‘इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग हँडबुक’. फुकट मिळतं, अधिकृत आहे, चित्रं उत्तम आहेत. यंत्रं आतून कशी चालतात आणि नजर कशी फिरवायची हे इतकं नीट दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. त्यातली यंत्रांची प्रकरणं दोनदा वाच. नियमांची मात्र तिथून घेऊ नकोस. तिकडे दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपण हेक्टोपास्कलमध्ये. तिकडे ट्रान्झिशन अल्टिट्यूड सगळीकडे १८,००० फूट, आपल्याकडे ती त्या-त्या विमानतळाच्या चार्टवर बघायची. तिकडच्या अप्रोचच्या आखणीचे निकषही वेगळे. मुलं दोन्हीची सरमिसळ करतात आणि तोंडी परीक्षेत अडखळतात. नियमांसाठी डीजीसीएची मूळ कागदपत्रं, आणि सोपं करून हवं असेल तर आर. के. बाली यांचं पुस्तक.

हवामानाला आय. सी. जोशी यांचं ‘एव्हिएशन मिटिऑरॉलॉजी’ घे. मान्सून, वळवाची वादळं, हिवाळ्यातलं धुकं, सगळं आपल्या देशातलं आहे. विलायती पुस्तकातली हवा विलायतेची असते. तिथल्या वॉर्म फ्रंटवर पानंच्या पानं खर्च झालेली असतात आणि जून महिन्यात मराठवाड्यावर दुपारी चार वाजता जे ढग उभे राहतात त्यांच्यावर दोन ओळी.

पण या सगळ्यांपेक्षा मोलाचं साधन तुझ्या बॅचच्या यादीत नाहीच. ते म्हणजे भारताचं एआयपी. विमानतळ प्राधिकरण ते प्रसिद्ध करतं, इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतं. त्यात प्रत्येक विमानतळाची उंची, धावपट्ट्या, अडथळे, उतरण्याच्या पद्धती, सगळं असतं. आपल्या चिकलठाणा विमानतळाची पानं काढ. धावपट्टी ०९-२७ तुला माहीतच आहे. मग अप्रोच चार्टवर सेक्टरनुसार किमान उंची दिलेली असते ती बघ. पंचवीस सागरी मैलांच्या घेऱ्यातल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर निदान हजार फूट मोकळे राहतील असा तो आकडा असतो. म्हैसमाळ, देवगिरी, सातारा-देवळाईच्या टेकड्या तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. कोणत्या सेक्टरचा आकडा कोणत्या डोंगरामुळे आला असेल ते स्वतः शोध. एवढं एक केलंस तर चार्टवरचा एकही आकडा तुला पुन्हा कोरडा वाटणार नाही.

आता याच चार्टशेजारी चिकलठाण्याचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, ठेव. समजा त्यात लिहिलंय: ०६३०झेड, वारा २५०१२, दृश्यता ३०००, पाऊस, एससीटी०१०, क्यू१००३. झेड म्हणजे जागतिक वेळ. साडेपाच तास मिळव, म्हणजे आपले दुपारचे बारा. वारा २५० अंशांवरून बारा नॉट्स. दृश्यता तीन हजार मीटर. ढग हजार फुटांवर. इथपर्यंत सगळे सांगतात. आता विचार कर, हे हजार फूट कुठून मोजलेले? विमानतळाच्या जमिनीपासून. आणि तुझा अल्टिमीटर, क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीवर आणलेला दाब लावलेला असताना, उंची दाखवतो ती समुद्रसपाटीपासून. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. म्हणजे ते ढग तुला लागणार अल्टिमीटरवर २,९०० च्या आसपास. समुद्रकाठच्या विमानतळांवर शिकलेली मुलं इथे हमखास गोंधळतात.

शेवटचा आकडा १००३, तोच क्यूएनएच. वरून खाली येताना तुझा अल्टिमीटर १०१३ च्या प्रमाण दाबावर असतो. तो १००३ वर आणायचा राहिला तर? दहा हेक्टोपास्कलचा फरक, दर एकाला सत्तावीस-अठ्ठावीस फूट, म्हणजे तू जिथे आहेस त्याहून पावणेतीनशे फूट वर आहेस असं यंत्र तुला सांगणार. यंत्र बिघडलेलं नाही, तरी सांगतंय ते खोटं. आणि साध्या कॅट-१ आयएलएसवर उतरायचं की वर जायचं हा निर्णय जमिनीपासून दोनशे फुटांवर घ्यायचा असतो. चूक त्याहून मोठी. इथे साक्ष कुणाची? आयएलएसच्या चार्टवर डीएमईच्या कोणत्या अंतरावर किती उंची हवी, याचा छोटा तक्ता असतो. ग्लाइडस्लोपवर असताना आकडा तक्त्याशी जुळला नाही की तिथेच हात थांबायला हवा. दुसरी साक्ष आमची, टॉवरची. आम्ही क्यूएनएच सांगतो आणि तू तो परत म्हणून दाखवायचा. पुष्कळ मुलं रीडबॅकला उपचार समजून भरभर उरकतात. तो नीट ऐकण्यासाठी आमच्यातला एक माणूस कान टवकारून बसलेला असतो, बाळ. त्याला तुझी चूक पकडायची संधी दे, आणि त्याची चूक तू पकड.

म्हणून आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, तयारी मनात करू नकोस, मोठ्याने कर. आजीला टॉवर कर. तिला कागदावर वाक्यं लिहून दे, ती वाचेल, तू उत्तर दे. मध्येच तिला मुद्दाम चुकीचा आकडा वाचायला सांग.

सिम्युलेटरबद्दल विचारलंयस. घरच्या कॉम्प्युटरवरचा जरूर वापर. होल्डिंगमध्ये शिरणं, व्हीओआरचं रेडियल पकडणं, अप्रोचचा क्रम हे तिथे पन्नास वेळा गिरवता येतं, इंधनाचा खर्च नाही. पण ते तास लॉगबुकात धरत नाहीत, आणि खुर्ची हलत नसल्यामुळे तुझे कान तिथे तुला फसवत नाहीत. कानांशी झुंज विमानातच, बाहेरचं दिसू न देणारा हूड घालून. रेटिंगसाठी यंत्रांवरचे ४० तास लागतात, त्यातले २० पर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. विमानातले तास कमी करण्याची घाई करू नकोस. प्रशिक्षकांना सांग, कृत्रिम क्षितिज झाकून उडवायला द्या. मागितलं नाही तर पुष्कळदा ते उरकतं घेतलं जातं.

अपघातांचे अहवाल हाही अभ्यासच. एएआयबी, म्हणजे अपघात तपास विभाग, ते प्रसिद्ध करतो. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोडच्या अपघाताचा अहवाल सावकाश वाच. पाऊस, पाठीमागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा बंद पडलेला वायपर, आणि तरीही पुन्हा वर न जाता पुढे नेलेलं लँडिंग. आपल्या शहरात तुला प्रत्येक जण २६ एप्रिल १९९३ ची आठवण काढेल. चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीबाहेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. तो दिवसाउजेडी झालेला अपघात, त्याचा धडा वेगळा; पण तोही वाच, कारण त्या रस्त्याने तू शाळेत गेली आहेस.

एक वही कर. एलरे जेपेसन नावाचा अमेरिकन टपाल-वैमानिक १९३० च्या सुमारास खिशात वही ठेवायचा आणि कुठे टाकी आहे, कुठे टेकडी किती उंच आहे, ते टिपून घ्यायचा. बाकीचे वैमानिक ती मागू लागले आणि त्यातून जेपेसन चार्ट उभे राहिले, जे तू एअरलाइनमध्ये वापरशील. तुझ्या वहीत प्रत्येक यंत्राला एक पान दे. ते कशावर चालतं, कसं बिघडतं, बिघडल्यावर काय दाखवतं, आणि तेव्हा साक्ष कुणाची घ्यायची. एवढ्या चार गोष्टी, स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहिल्यास तरी चालतील.

पहिलं पान कृत्रिम क्षितिजाचं असू दे. जुन्या धाटणीच्या सेसनात क्षितिज आणि दिशादर्शक इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर चालतात आणि टर्न कोऑर्डिनेटर विजेवर, म्हणजे पंप गेला तरी एक साक्षीदार शिल्लक राहावा. काचेचे पडदे असलेल्या विमानात व्यवस्था निराळी. तुझ्या विमानात कोणतं कशावर चालतं ते हँगरमधल्या इंजिनिअरला विचार आणि मला लिहून पाठव. जोशींचं पुस्तक मी इथून कुरिअर करतोय.

तुझे,
आजोबा