वयात आलेलं वाचन

पंधराव्या वर्षी काही मुलं वाचनात आपल्या वयाच्या पुढे निघून गेलेली असतात. ती ऑर्वेल वाचतात, युद्धावरच्या कादंबऱ्या वाचतात. मरण, अन्याय, प्रेम यांबद्दल असं काही विचारतात की उत्तर देताना आईबाबा चाचरतात. दुबईतल्या मुहैस्नाहसारख्या वस्तीत, एखाद्या मराठी घरात असं मूल असलं तर तिथे आणखी एक पेच असतो. शाळेत इंग्रजी, हिंदी आणि अरबी. मराठी घरापुरती, जेवताना आणि आजीशी फोनवर बोलताना. त्यामुळे इंग्रजीत ते मूल मोठ्या माणसासारखं वाचतं आणि मराठी अजून ओळीखाली बोट धरून वाचतं. जुलै-ऑगस्टची सुट्टी लागली की इंग्रजी पुस्तकं ते स्वतःच निवडतं, आणि ‘थोडं मराठीही वाच’ म्हणून आपण त्याच्या हाती इसापनीती नाहीतर मोठ्या टायपातली चित्रांची गोष्ट देतो.

यात फार मोठं नुकसान आहे. वाचनाचा सराव कमी म्हणून आपण त्याचं मनही लहान धरतो. ते पोर मुकाट्याने एक खूणगाठ बांधून ठेवतं, की मराठी ही कोल्ह्या-करकोच्याची भाषा, खरं काही समजून घ्यायचं तर इंग्रजीतच. पुढे विशीत मराठी पुस्तक त्याच्या हातात दिसत नाही, तेव्हा आपण परदेशाला, शाळेला आणि मोबाइलला दोष देतो.

निवड करताना त्याच्या वाचण्याचा वेग पाहू नये, त्याचे प्रश्न पाहावेत. मोठ्या माणसांचं जगणं साध्या वाक्यांत सांगणारी पुस्तकं मराठीत पुष्कळ आहेत. त्यांतली काही तर इतकी सडपातळ आहेत की गावाहून परतताना भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला भरून उरलेल्या किलोंत ती सहज बसतात.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. 1955 सालची ही कादंबरी. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत नेमणूक झालेला कोवळा मास्तर, त्याला आधार देणारा म्हातारा कारभारी, मेंढरं, माळ आणि शेवटी दुष्काळ. वाक्यं छोटी, स्वच्छ. संवादांतली माणदेशी बोली मुलाला अडेल, पण कुणी मोठ्याने वाचली की ती बरीच उलगडते. मास्तर कथानायक म्हणून मिरवत नाही. तो बघतो, चुकतो, माणसं जोडतो आणि वाडी ओस पडताना काही करू शकत नाही. एवढं पंधरा वर्षांच्या मुलाला कळतं. मुहैस्नाहमधल्या मुलाला तर ते जास्तच जवळचं वाटेल. मुहैस्नाह दोन, म्हणजे ज्याला सगळे सोनापूर म्हणतात, तिथे कामगारांच्या वसाहती आहेत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथून आलेल्या माणसांनी भरलेल्या बस भल्या सकाळी बांधकामांवर निघतात आणि संध्याकाळी परततात. ज्या महिन्यांत मुलांना सुट्टी असते त्याच महिन्यांत, 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी असते. मूल हे सगळं गाडीच्या काचेतून बघत मोठं होतं. माणसं गाव का सोडतात, असं ते एकदा तरी विचारतं. त्याला आकडे सांगण्याऐवजी पाऊस न पडलेल्या एका वाडीची हकीकत वाचू द्यावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरं पुस्तक विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. 1939 साली, दुसरं महायुद्ध उंबरठ्यावर असताना आलेली ही छोटी कादंबरी युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर घडते. बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत, त्यांत हॅर्टा आहे, आणि मुंबईला परतणारा चक्रधर आहे. त्यांचं प्रेम जुळतं, पण तिला उतरायला देश नाही. ज्या मुलाच्या घरात कुणाचा व्हिसा कधी संपतो याची चर्चा नेहमीची असते, ज्याचा शाळासोबती एक दिवस वडिलांची नोकरी गेली म्हणून वर्गातून नाहीसा होतो, त्याला या बोटीवरच्या माणसांची घालमेल फार समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे परत जायला गाव तरी आहे, हेही ते वाचता वाचता त्याच्या मनात येईल. या कादंबरीत शरीराची ओढ आहे आणि शेवटी आत्महत्या आहे. म्हणून ती आईने किंवा बाबांनी आधी स्वतः वाचावी आणि मग द्यावी. मूल त्या दिवसांत मनाने खचलेलं असेल तर यंदा राहू द्यावी, पुढच्या सुट्टीत द्यावी. एवढं तारतम्य घरच्या माणसाकडेच असतं, पुस्तकाच्या मागे छापलेल्या वयोगटात ते सापडत नाही.

नको त्या गोष्टी कळतील ही भीती मला समजते. पण जे मूल मोठ्यांची पुस्तकं वाचतं त्याला त्या इंग्रजीतून आधीच भेटलेल्या असतात. मी एवढंच पाहीन की लेखक कुणाच्या बाजूला उभा आहे. हिंसा, भूक, वासना यांचं वर्णन चव घेत केलेलं आहे, की ज्याच्यावर ते ओढवलं त्याच्या शेजारी बसून केलेलं आहे? दया पवारांचं ‘बलुतं’ हे 1978 सालचं दलित आत्मकथन. त्यातली भाषा आणि प्रसंग बोचतात, बोचायलाच हवेत. जातीचा अनुभव ज्याच्या कानावरही पडलेला नाही अशा, परदेशात वाढणाऱ्या सवर्ण घरातल्या मुलाने ते शाळा संपायच्या आत वाचलेलं बरं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर शेजारच्या घरातली आजी बोलते आहे असं वाटावं इतकी सोपी, आणि आत नवऱ्याच्या धर्मांतराने दुभंगलेला संसार. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलाची. प्रकाश नारायण संतांचा लंपन वयाने लहान, पण त्याच्या कथा समजत्या वाचकासाठी लिहिलेल्या. पुस्तकात मूल आहे म्हणून ते पुस्तक लहान मुलांचं होत नाही.

या देशात वाचनाला मान आहे. 2016 हे इथे वाचनवर्ष म्हणून साजरं झालं आणि मार्च हा वाचनाचा महिना मानला जातो. 2015 साली सुरू झालेल्या अरबी वाचन आव्हानात विद्यार्थ्याने वर्षात पन्नास पुस्तकं वाचायची असतात. वाचनाची गोडी लागायला असे आकडे उपयोगी पडतात. जाणत्या वाचकाला मात्र सुट्टीत एकच पुस्तक पुरतं, त्यावर बोलायला घरात दुसरं कुणी असलं तर. कानाने त्याला सगळं मराठी कळत असतं, अडतात ते डोळे. म्हणून पहिली वीसेक पानं आपण वाचायची आणि त्याने ऐकायची. मग एक पान त्याचं, एक आपलं. गोष्टीने पकड घेतली की ते पुस्तक तोच ओढून घेतो.

पुस्तकं मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 साली सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या ग्रंथपेट्या दुबईतल्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोचल्या आहेत. अशी पेटी ओळखीच्या घरी असेल तर मुलाला सोबत न्या आणि निवड त्यालाच करू द्या. इंग्रजीसाठी आणि शांत बसायच्या जागेसाठी अल जद्दाफचं मोहम्मद बिन राशिद ग्रंथालय आहे. 2022 साली उघडलेली ही इमारत ग्रंथ ठेवायच्या रेहलच्या आकाराची आहे. मुहैस्नाहहून जवळचं एतिसलात हे मेट्रोच्या ग्रीन लाइनचं एक टोक, आणि हे ग्रंथालय दुसऱ्या टोकाच्या क्रीक स्थानकाजवळ. पंधरा वर्षांचं मूल तेवढा प्रवास पिशवीत ‘रणांगण’ घेऊन एकटं करू शकतं.

मुहैस्नाहच्या आईबाबांना माझी एक विनंती आहे. यंदा मुलासाठी मराठी पुस्तक घ्याल तेव्हा त्याची दुसरी प्रत स्वतःसाठी घ्या, आणि त्याच्या आधी वाचून संपवा.