स्थान सुटले तरी ऋण सुटत नाही

शेतकऱ्याचे शेत, वैद्याचा दवाखाना, कारकुनाची कचेरी जेथे असे तेथेच पूर्वी त्यांचे आयुष्य व्यतीत होई. सन २०२० च्या टाळेबंदीत असंख्य नोकरदारांनी घरी बसून संगणकावर कचेरीची कामे केली, आणि पुष्कळ कामे कोठूनही होऊ शकतात हे सर्वांच्या प्रत्ययास आले. तेव्हापासून कित्येक तरुण शहर सोडून आपल्या गोव्यातील गावांत येऊन राहतात. काही महिने येथे, काही महिने हिमालयाच्या पायथ्याशी, असा त्यांचा क्रम असतो. अशा जीवनाने दृष्टी विशाल होते व आत्मविकास साधतो, असे त्यांचे म्हणणे. ते कितपत यथार्थ आहे, याचा विचार करू.

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, हे आपल्या पूर्वजांसही मान्य होते. संन्याशाने एका गावी फार काळ राहू नये, असा दंडकच आहे; स्थानाची आसक्ती जडली की वैराग्य ढळते. परंतु त्याच संन्याशास चातुर्मासात भ्रमण वर्ज्य आहे. पावसाळ्यात वाटेवर तृण उगवते, कृमिकीटक उत्पन्न होतात. ते पायांखाली चिरडले जाऊ नयेत, हा त्यातील हेतू. ज्याने घरदार व नातीगोती टाकली, त्यासही पायाखालच्या किड्याविषयीचे कर्तव्य टाकता आले नाही! मग गृहस्थाची कथा काय?

कोठूनही काम करणारा गृहस्थ ज्या गावी राहतो, तेथील विहिरीचे पाणी पितो. त्याच्यासाठी मासळी आणणारी, केर उचलणारा, आजारात शुश्रूषा करणारी परिचारिका, यांना आपले काम पेटीत घालून अन्यत्र नेता येत नाही. त्याचे स्वातंत्र्य यांच्या स्थैर्यावर उभे आहे. त्याने सोडलेल्या घराचेही ऋण आहेच. पडद्यावर आईचे मुख दिसते, परंतु तिच्या अंगातील ताप हातास लागत नाही. उलटपक्षी, याच सोयीमुळे गावी राहून वृद्ध मातापित्यांची सेवा करणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा सोय निंद्य नव्हे. तिचा विनियोग कसा होतो, हे पाहावे.

पोर्तुगीज अमदानीत, सन १५६० च्या सुमारास, श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळ येथे आणले गेले. भक्तांना स्थान सोडावे लागले. सेवा त्यांनी सोडली नाही. ज्या भूमीने आश्रय दिला तीही त्यांनी आपली मानली. त्यांचे जाणे निरुपायाचे होते. आजचा तरुण स्वेच्छेने जातो. म्हणून त्याचे उत्तरदायित्व अधिकच.

आत्मविकास झाला की नाही, हे पाहिलेल्या गावांच्या संख्येवरून ठरत नाही. आपण निघून गेल्यावर त्या गावी कोणास आपली उणीव भासेल काय, आणि मागे राहिलेल्या घरी आपली वाट कोण पाहत आहे, हे दोन प्रश्न प्रत्येकाने प्रस्थानापूर्वी स्वतःस विचारावेत. श्रींच्या कृपेने त्यांची प्रामाणिक उत्तरे देण्याचे बळ सर्वांस लाभो.