ठावठिकाणा

परभणीच्या कारागृहातून सुटून सेलूच्या स्थानकावर उतरणाऱ्या माणसाची न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा सरलेली असते. परंतु खोली नाकारणारा घरमालक, हजेरीपटावर नाव चढविण्यास कचरणारा मुकादम आणि आपल्या मुलांना त्याच्या दारी जाऊ न देणारा शेजारी हे मिळून जी दुसरी शिक्षा त्यास फर्मावितात, तिला ना मुदत असते, ना तिच्याविरुद्ध कोठे दाद मागता येते. तो पुन्हा गुन्ह्याकडे वळला, की आपण त्याच्या स्वभावास दोष देऊन मोकळे होतो.

भवानराव पंतप्रतिनिधींच्या औंध संस्थानात, मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलंडच्या अभियंत्याच्या प्रेरणेने, १९३९ साली आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही बंदिवानांची वसाहत वसली. माणदेशाच्या त्या अवर्षणग्रस्त भूमीवर, भोवती तट नसताना, खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदीही बायकामुलांसह राहून शेती कसू लागले. या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली पडद्यावर आणलेला ‘दो आँखें बारह हाथ’ सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यातील जेलरची करुणा थोर खरीच. तथापि मला त्याहून मोलाची वाटते ती स्वतंत्रपुरातील चूल, कारण ज्याच्यावाचून घरची माणसे उपाशी राहतील, त्याच्या पायांना पळून जाण्यापूर्वी विचार करावा लागतो, आणि असा विचार कोणत्याही बेडीने आजवर कोणाच्या मनात उपजविलेला नाही.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने हेच तत्त्व निराळ्या रीतीने स्वीकारले आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात, दोष सिद्ध झाल्यावरही, न्यायाधीशास उचित वाटल्यास तो अपराध्यास सद्वर्तनाचा मुचलका लिहून घेऊन सोडू शकतो. हा मुचलका तीन वर्षांपर्यंतचा असतो, आणि त्या अवधीत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवता येते. मात्र त्या कलमात एक अट आहे, जिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते: अपराध्यास किंवा त्याच्या जामीनदारास कायमचा ठावठिकाणा अथवा नियमित रोजगार असला पाहिजे. म्हणजे कायद्याने दाखविलेली दया अखेर गावाच्या स्वाधीन आहे. पालावर राहणाऱ्या, ज्याच्यासाठी जामीन राहावयास कोणी पुढे येत नाही अशा तरुणास ती लाभणे दुर्घट. आणि सेलूच्या मोंढ्यातील एखाद्या अडत्याने त्यास रीतसर कामावर ठेवून घेतल्यास, त्या एका नोंदीवर न्यायाधीशास त्याला तुरुंगाबाहेर ठेवण्याचा विचार करता येतो.